सतरा मिनिटं पुढे

मी मनगटी घड्याळ घ्यायचं ठरवलं, त्याला कारण आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ. ते पुढे आहे. किती पुढे, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. बाबा दहा मिनिटं म्हणतात. आई पंधरा म्हणते, पण बाबा बाहेर गेल्यावर. आत्याच्या मते ते मुळात मागे आहे आणि जग पुढे गेलंय. त्यामुळे आमच्याकडे कुणी किती वाजले विचारलं की उत्तराआधी चर्चा होते.

"मोबाइल आहे की तुझ्याकडे," असं तुम्ही म्हणाल. आहे. पण सकाळी तो बाबांच्या हातात असतो, कारण माझ्या मोबाइलवर बातम्यांची अक्षरं मोठी दिसतात म्हणे. मी आंघोळीहून येते, भिंतीवर बघते, मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करते आणि निवांत केस विंचरते. याच पद्धतीने पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला दोन लेटमार्क पडले. मी तिथे प्रोबेशनवर होते आणि घड्याळ घ्यायला गेले तेव्हा नऊ दिवस उरले होते. तिसरा लेटमार्क पडला की प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढणार होतं. ते वाढणं मला परवडण्यासारखं नव्हतं, कारण बाबांशी करार झाला होता: "आधी नोकरीत कायम हो, मग मैत्रिणीबरोबर खुशाल वेगळी राहा." थोडक्यात, त्या भिंतीपासून माझी सुटका नऊ दिवसांवर आली होती.

प्रयोगशाळेत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून घड्याळ. मी अकरा दिवस अभ्यास करून ठरवलं, की वैमानिक वापरतात तशा धर्तीचं घ्यायचं. काळी तबकडी, मोठे पांढरे आकडे, एका नजरेत वेळ.

बाबा दुकानात बरोबर आले. (मी नको म्हटलं होतं. ते "मी सहज येतोय" म्हणाले.) बाबांनी एकतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये काढली. सकाळचा भोंगा त्यांच्या हातात असे. तेव्हापासून वेळ ही आपल्या खात्यातली गोष्ट आहे, अशी त्यांची समजूत आहे.

दुकानदाराने ते घड्याळ समोर ठेवलं. मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, पाच-सहा काटे, चावीच्या वर एक आणि खाली एक बटण.

"तू विमान चालवणार आहेस?" बाबांनी विचारलं.

"रोज घालायला हवंय, बाबा."

"मग हे बघ." त्यांनी पांढऱ्या तबकडीचं, तीन काट्यांचं एक गरीब घड्याळ पुढे सरकवलं. "यात वेळ दिसते."

"यातही दिसते."

"कुठे?"

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. दुकानदार म्हणाला, "ताई, हे जरा समजावून देतो. हा जो मोठा काटा आहे ना..."

"मी विज्ञानाची पदवीधर आहे," मी म्हटलं. "मला कळतं."

दुकानदाराने बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं. मी घड्याळ हाताला बांधून बाहेर पडले.

घरी येऊन बघते तो मोठा काटा बारावर उभा. तास सरकत होते, मिनिटं सरकत होती, पण सगळ्यात लांब, ऐटदार काटा जागचा हलत नव्हता. एका छोट्या तबकडीत एक काटा लगबगीने फिरत होता. दुसरीतला सतरावर होता. तिसरीतला काहीच करत नव्हता. मी बराच विचार करून वरचं बटण दाबलं. मोठा काटा चालायला लागला. हात्तिच्या, म्हणजे हे सुरू करावं लागतं. (तो काटा नुसता स्टॉपवॉचचा असतो, हे मला फार नंतर कळलं.) सेल वाचावा म्हणून संध्याकाळी मी ते दाबून बंद केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाखालच्या फळीवर ठेवलं.

सकाळी तयार होऊन बटण दाबलं. मोठा काटा थांबला. पुन्हा दाबलं. चालला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी आधीच दोनदा दाबलं, तर एकदाचंच पुरलं असतं असं निघालं. शेवटी मी वही केली: तारीख, हवामान, किती वेळा दाबलं. निष्कर्ष काही निघेना. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारण्यासारखे दोघेच होते आणि त्या दोघांनाही मी मला कळतं म्हणून सांगितलं होतं.

पण एक मान्य करायला हवं, घड्याळाने चमत्कार केला. पहिल्याच सकाळी मी प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी पोहोचले. दुसऱ्या दिवशीही. रोजच. घड्याळ हातात आल्यापासून मोबाइलवर वेळ बघणं मला कमीपणाचं वाटायला लागलं होतं.

"बघितलंत?" मी जेवताना बाबांना म्हटलं. "अचूकता म्हणतात याला."

"हं," बाबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. आईनेही मान खाली घालून आमटीच वाढून घेतली.

फक्त प्रयोगशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ माझ्या घड्याळाच्या सतरा मिनिटं मागे होतं. सात दिवस मी सोसलं. भिंतीवरची घड्याळं कशी असतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आठव्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे आधी पोहोचले, स्टुलावर चढले आणि सगळ्या प्रयोगशाळेची वेळ दुरुस्त केली. खाली उतरताना माझ्या मनात देशसेवेसारखं काहीतरी होतं.

मग लोक यायला लागले. येणारा प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघे, मग दचके. वजनाच्या टेबलावरचे काका दाराशीच थबकले आणि म्हणाले, "मी तर रोजच्या वेळेला निघालो होतो." बाटल्या धुणाऱ्या मावशींनी देवाची शपथ घेतली. सहा जणांना लेटमार्क. शेवटी प्रमुख मॅडम आल्या. त्या बावीस वर्षांत कधी उशिरा आल्या नव्हत्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं, हजेरीचं रजिस्टर ओढलं आणि स्वतःच्या नावापुढे स्वतःच्या हाताने लाल शाईने खूण केली. मला त्यांच्याविषयी आदर वाटला आणि थोडं वाईटही.

नमुने आणणारा ड्रायव्हर बरोबर अकराला येतो. त्या दिवशी तो आला तेव्हा भिंतीवर अकरा सतरा झाले होते.

"आज तुम्हीसुद्धा?" मॅडम म्हणाल्या.

"काय झालं? गाडीतल्या रेडिओवर आत्ता अकराच्या बातम्या लागल्यात."

मॅडमनी भिंतीकडे बघितलं. मग आम्हा सगळ्यांकडे. "या घड्याळाला कुणी हात लावला?"

"मी," मी म्हटलं. खरं बोलायला मी कधी घाबरत नाही. "ते मागे होतं, मॅडम. माझं घड्याळ वैमानिकांच्या धर्तीचं आहे."

"विमान कुठे उतरवलंत ते बघा," मॅडम म्हणाल्या आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी चढले, घड्याळ मागे केलं, उतरले. मग त्या हळूच म्हणाल्या, "उद्या तुमचा शेवटचा दिवस. सात दिवस तुम्ही वेळेआधी येताय, म्हणून आजचं सोडून देते. उद्या वेळेत या. मग कायमचं पत्र देते."

संध्याकाळी मी घरात शिरले तीच घड्याळ हातात धरून.

"याला कुणी हात लावला? सतरा मिनिटं पुढे आहे."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. बाबांनी माझा मोबाइल खाली ठेवला.

"दहा मिनिटं पुढे केलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. तुला तिसरा लेटमार्क नको म्हणून."

"अगंबाई, तुम्ही पण?" आई दारात आली. "मी पाच केली होती."

"मी वेळेला हात लावला नाही हो," आत्या म्हणाली. "मी फक्त पहाटे जाग आली की ते वरचं बटण दाबायचे. मोठा काटा बिचारा उभा असायचा. बंद पडलंय वाटायचं."

माझी वही, हवामान, दाबण्याचे आकडे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग मी जे बोलले ते इथे पूर्ण देत नाही. मोठ्यांचा दुसऱ्यावर विश्वास नसतो, त्यांना स्वतःच्या मुलांची वेळसुद्धा स्वतःच्या ताब्यात हवी असते, असा त्याचा सारांश.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा बाबा म्हणाले, "दहा आणि पाच पंधरा. तू सतरा म्हणालीस. दोन राहतात. ती कुणाची?"

एकतीस वर्षं टाइम ऑफिसमध्ये काढलेल्या माणसापासून दोन मिनिटं लपवणं शक्य नव्हतं.

"माझी," मी म्हटलं. "दुकानातून आल्यावर. सावधगिरी म्हणून."

आत्या हसायला लागली. तिला हसू आवरेना म्हणून मी आवाज आणखी चढवला. "आता कुणीही त्याला हात लावायचा नाही. दुरुस्तही करायचं नाही. सतरा मिनिटांचा फरक आहे, तो मला माहीत आहे. माहीत असलेली चूक ही चूक नसतेच. मी वजा करीन."

"बरं," बाबा म्हणाले. "बरं," आई म्हणाली. त्यांनी इतक्या चटकन ऐकलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शेवटच्या दिवशी सकाळी मी शांत होते. घड्याळ बघितलं, सतरा वजा केली, केस विंचरले. पुन्हा बघितलं, पुन्हा सतरा वजा केली, चहा घेतला. मधे आई दोनदा म्हणाली, "आज निघायचं नाही का गं?" मी तिला वजाबाकी समजावून सांगितली. ती काहीतरी बोलणार होती, पण मी तिला बोलू दिलं नाही.

प्रयोगशाळेत पोहोचले तर वजनाच्या टेबलावरचे काका कामाला लागलेले. मॅडम दारासमोर उभ्या. भिंतीवरच्या घड्याळात मला तेरा मिनिटं उशीर झाला होता, आणि गंमत म्हणजे माझ्या हातातल्या घड्याळाचं त्याच्याशी जवळजवळ पटत होतं.

नंतर कळलं ते असं. माझं बोलणं लागून बाबांनी कुणाला न सांगता आपली दहा मिनिटं परत घेतली होती. आईने कुणाला न सांगता आपली पाच. राहिली होती फक्त माझी दोन.

प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. म्हणजे आणखी तीन महिने तीच भिंत. संध्याकाळी मी ते पत्र बाबांच्या हातात दिलं आणि ओरडा ऐकायच्या तयारीत उभी राहिले. ते त्यांनी लांब धरून मोठ्याने वाचलं. "कामातली हुशारी: उत्तम. टापटीप: उत्तम. वक्तशीरपणा: आठ दिवस फार लवकर, तीन दिवस उशीर."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली.

"सरासरी काढली," ते म्हणाले, "तर तू वेळेवरच येतेस."