दोघांनी चालवायचा स्विच

संस्कृतीची प्रगती वस्तू चालू करण्यात नसून त्या बंद ठेवण्यात आहे. पाणी आपोआप वाहतं. तोटी मात्र माणसालाच बसवावी लागते.

हे तत्त्व अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या चंद्रशेखर देवस्थळींनी एका वीज कंपनीत तीस वर्षं पाळलं. सबस्टेशनांचे अवाढव्य स्विच हे त्यांचं क्षेत्र. निवृत्तीपर्यंत त्यांना एकच गोष्ट बंद ठेवता आली नव्हती, ती म्हणजे सिगारेट.

२००८ मध्ये त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी सिगारेटला मनाई केली. (मनाई पूर्वीही होती, पण स्टेंट नसल्यामुळे तिला वजन नव्हतं.) तेव्हा त्यांचे मित्र श्रीरंग यांनी धुराऐवजी वाफ सोडणारी विजेची सिगारेट आणून दिली. चंद्रशेखररावांनी ती ओढण्याआधी उघडली. आतलं बटण पाहून त्यांचा चेहरा पंगतीत गार वरण वाढल्यासारखा झाला.

"हा स्विच आहे?" ते म्हणाले. "ही तर नुसती आशा आहे."

त्यांनी गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं नवी बनवायला घेतली. (त्या वर्षी गावातल्या मराठी घरांच्या शंभर टक्के गॅरेजांत गाडी सोडून बाकी सगळं होतं.) नळी टॉर्चची, स्प्रिंग बॉलपेनची, आणि विजेच्या जोडासाठी दिवाळीतलं चांदीचं नाणं. पत्नी पद्मजाबाईंनी हरकत घेतल्यावर जोड लक्ष्मी नसलेल्या बाजूनं देण्यात आला.

अपुरं यंत्र चालू करायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि नवं यंत्र होत असताना साधी सिगारेट ओढणं म्हणजे प्रकल्पावर अविश्वास. सबब दोन्ही बंद.

मुलगी सावनी दूरच्या अ‍ॅशबर्नहून सुट्टीला यायची. पहिला स्विच पाहून ती सहज म्हणाली, "बाबा, खिशात दाबला गेला तर?"

चंद्रशेखरराव उठून गॅरेजमध्ये गेले आणि महिनाभर, एकही सिगारेट न ओढता, लॉकची कडी बसवत राहिले. डॉक्टर, बायको आणि स्वतःचं हृदय यांना जे जमलं नाही, ते एका तांत्रिक आक्षेपाला जमलं. सावनीनं ही बाब आईच्या कानावर घातली आणि स्वयंपाकघरात आक्षेप विभाग स्थापन झाला.

"आता तुझी पाळी, आई. सारखी मीच खोट काढली तर त्यांना संशय येईल."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"भेंडी घेताना काढतेस तशी काढ."

पद्मजाबाईंनी नळी हातात फिरवली. "अहो, बाहेरून बरी दिसतेय. आतून?"

हा आक्षेप सर्वांत गंभीर ठरला. नळी पुन्हा पहिल्यापासून घासली गेली.

पुढे अंधारात लॉक लागलंय हे बोटाला कळावं म्हणून खाच आली. बर्फातल्या हातमोज्यांसाठी बटण रुंद झालं. घरात लहान मूल आलं तर, म्हणून झाकण आलं. (घरातलं सर्वांत लहान मूल एकतीस वर्षांचं होतं आणि आक्षेप तेच घेत होतं.) शेवटी काहीच उरेना, तेव्हा सावनी म्हणाली, "सबस्टेशनला एकटा माणूस स्विच चालवतो का, बाबा?"

तिच्या पदवीदानाच्या दिवशीही त्यांनी तिच्याकडे इतक्या अभिमानानं पाहिलं नव्हतं.

नव्या स्विचला दोन बटणं होती. एका माणसाला ती एकदम दाबता येत नसत. एका रविवारी जेवणानंतर चंद्रशेखररावांनी एक बटण धरलं, दुसरं पद्मजाबाईंपुढे केलं. सावनी बघत राहिली. तिच्याकडे आता एकही आक्षेप नव्हता आणि तिला भीती वाटली.

"दाब," चंद्रशेखरराव म्हणाले.

"मी नाही दाबणार."

ते आपलं बटण सोडून मागे टेकले. मग समाधानानं म्हणाले, "म्हणजे सुरक्षा यंत्रणा काम करते."

नळी खाली ठेवता ठेवता त्यांनी मुलीकडे पाहिलं. "स्प्रिंग जरा कडक आहे, नाही का गं?"

"हो," सावनी म्हणाली. "जराशी."

"वाटलंच मला. बघतो पुढच्या महिन्यात."

थंडीत ते झोपेतच गेले. स्विच बंद स्थितीत होता.

लोक डबे घेऊन भेटायला आले. श्रीरंगकाकांनी टेबलावरची नळी उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिली.

"स्प्रिंग जरा कडक आहे, सावनी."

"हो का, काका? सांगते."

त्यानंतर आलेल्या प्रत्येकानं नळी हातात घेतली आणि एकेक सुधारणा सुचवली. (सांत्वनाचा हा प्रकार आपल्याकडे सर्वांना जमतो.) वाचकांनाही एव्हाना एखादी सुचली असेलच, आणि ती योग्यच असणार. मात्र ती इकडे पाठवू नये. आपल्या घरी जो माणूस कधीचा काहीतरी खटपट करत बसला आहे, आणि ज्याला 'आलेच पाच मिनिटांत' सांगून आपण हे वाचत आहात, त्याच्याकडे न्यावी.