वाघमारे यांचा एकमेव कॅनव्हास

कासारवाडीतील आमच्या सोसायटीत राहणाऱ्या वाघमारे यांनी निवृत्तीनंतर एकच कॅनव्हास विकत घेतला आणि आपली सर्व चित्रे, एकावर एक, त्याच्यावरच काढली. चित्र पुरे झाले की दोन पावले मागे सरून ते म्हणत, "पास! पुढचा पीस!" आणि त्यावर प्रायमर फिरवत. सारी हयात दुचाकींच्या पेंट शॉपमध्ये गेलेली. सवय सुटणार कशी?

रंगवण्यापूर्वी ते विपश्यनेच्या शिस्तीने तासभर डोळे मिटून बसत. मग रंगाचा एक पट्टा. त्यात ना झाड, ना माणूस. "याचा अर्थ काय?" असे मी लेखी विचारले. उत्तर तोंडी आले. "वकीलसाहेब, श्वास येतो, श्वास जातो. धरून कशाला ठेवायचा?" मी वकील नाही, हे त्यांना तीनदा लेखी कळवले होते.

त्यांच्या एका खोलीत मुलगा, सून, नातवंडे. म्हणून हा उद्योग माझ्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये चाले. सामायिक जागा अडवणे हा उपविधींचा उघड भंग होता. शिवाय थिनरचा वास! त्या वासाविरुद्ध मी किती कागद खर्ची घातले, आणि आज तोच वास कुठे आला की मी रस्त्यात थबकतो.

माझ्या अकराव्या पत्रानंतर ठराव झाला: रविवारपर्यंत चित्र न हलवल्यास ते भंगारात जाईल.

रविवारी सचिव जाधव दोन हमाल घेऊन आले. थरांवर थर चढून चित्र भलतेच जड झाले होते. "काका, हे चित्र हाय का स्लॅब?" जाधव म्हणाले. उचलताना कडेचा टवका उडाला. वाघमारे चटकन खाली बसले आणि तो तळहातावर घेऊन त्यातले थर न्याहाळू लागले.

"हा पिवळा सुमनवहिनींचा," ते म्हणाले.

सुमन म्हणजे माझी पत्नी. दवाखान्यातून ती परत आली नाही.

"त्या ॲडमिट होत्या तेव्हा रोज त्यांच्यासाठी मंगल मैत्री करायचो. वहिनींना बरं वाटू दे, एवढंच. डोळे उघडले की हात पिवळ्याकडेच जायचा. एकवीस हात दिले."

"मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही तेव्हा फक्त पत्रं लिहीत होता, साहेब."

हमाल खोळंबले होते. "कुठं टाकायचं?"

मी माझ्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. "आत घ्या. सोफा सरकवा."

"पण काका, ठराव..." जाधव चाचरले.

"ठराव सामायिक जागेपुरता आहे, जाधव. नीट वाचा."

वाघमारे उंबऱ्याशी चपला काढून उभे राहिले. "उद्या किती वाजता येऊ?"

"सहाला या," मी म्हणालो. "चहा मला फारसा जमत नाही. पण करीन."