हकीकत सरलष्कर सुभानजीराव यांचे श्वासाची

श्री गजानन प्रसन्न. ज्या दैवताने नासिका लांब करून श्वासास ऐसपैस वाट दिली, त्यास प्रथम नमन असो. शके सोळाशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी वर्तमान घडले ते ऐसे जे, नदीचे दक्षिण तीरी एक राज्य होते, आणि त्या राज्याचे सरलष्कर सुभानजीराव म्हणून मोठे शूर सरदार होते. देह पहाडासारखा, मान तुळईसारखी, दोन पहिलवान दोहों काखांत धरून विहिरीवर पाणी प्यावयास जात, ऐसी ख्याती. परंतु पाठ टेकली म्हणजे घोरणे सुरू होई, आणि ते घोरणे काय सांगावे! पागेतील घोडी बुजत, वळचणीचे पारवे उडत, आणि शेजारच्या आळीतील बायका आभाळाकडे पाहून वाळवणे उचलीत. इतके असते तरी चालते. परंतु मधेच घोरणे थांबे, आणि घोरण्यासंगे श्वासही थांबे, छाती हाले ना, ओठ निळे पडत, आणि मग त्यांच्या पत्नी दर्याबाईसाहेब उशाशी बसून असत त्या कोपराने ढोसणी देत, तेव्हा बुडता मनुष्य वर यावा तैसे सरलष्कर हंबरून श्वास घेत आणि पुनः घोरू लागत. लग्न जाहल्यापासून ऐसे चालले होते. बाईसाहेबांस झोप म्हणजे काय याचे विस्मरण जाहले, आणि सरलष्करांस निजूनही झोप पुरेना, मग घोड्यावर, पंगतीत, पूजेत, जेथे बसावे तेथे डोळा लागे. लोक म्हणत, सरदार आळसावले. सरलष्कर ते ऐकत आणि मनात झुरत.

मग त्या ज्येष्ठात उत्तर तीरीचे राज्याशी नदीच्या उतारावरून, म्हणजे पायी पार होण्याचे जागेवरून, तंटा पडला, आणि तिकडील ठाणेदार भुजंगराव बोलणे लावावयास दरबारी आले. भुजंगराव बोलके गृहस्थ. त्यांनी आपल्या धन्याच्या मूळ पुरुषापासून आरंभ केला, आणि पणजोबांपर्यंत येतात न येतात तो सरलष्करांची हनुवटी छातीवर आली, आणि ऐसा घोर उठला की पणजोबा त्यात बुडाले. भुजंगराव लाल होऊन म्हणाले, "महाराज, हा आमचे धन्याचा उपमर्द आहे." इतक्यात घोर थांबला. सरलष्कर हालेनात. भुजंगरावांनी जवळ जाऊन वाकून पाहिले आणि म्हणाले, "अहो, हे तर गेले!" आणि त्याच क्षणी सरलष्करांनी गर्जून श्वास घेतला, डोळे उघडले, समोर परमुलखाच्या मिशा वीतभर अंतरावर दिसल्या, आणि झोपेच्या धुंदीत तलवारीस हात घातला. भुजंगराव मागचे मागे विड्यांच्या तबकात बसले, आणि चुन्याने माखले तैसेच उठून आपल्या मुलखी चालते जाहले. महाराजांची मर्जी खपा जाहली. म्हणाले, "सुभानजीराव, तुमचे शौर्य आम्ही विसरलो नाही. परंतु जो दरबारी निजतो तो रणीही निजेल. दसऱ्यापर्यंत जागे व्हा, नाहीतर सरलष्करीची वस्त्रे दुसऱ्यास जातील." सरलष्करांनी मुजरा केला आणि घरी येऊन दर्याबाईंस म्हणाले, "यापेक्षा तोफेच्या तोंडी दिले असते तर बरे." बाईसाहेब म्हणाल्या, "तेथेही आपण घोराल. उद्या वैद्यांस बोलावते."

वैद्य शामजीबावा आले, त्यांनी नाडी पाहिली, घसा पाहिला, आणि म्हणाले, "सरकार, जेवा आणि निजा." सरलष्कर दुपारभर निजले आणि वैद्य जवळ बसून पाहत राहिले, आणि ते पाहता पाहता वैद्यांचाच श्वास अडकू लागला. मग सरलष्कर जागे जाहल्यावर वैद्य म्हणाले, "हा आळस नव्हे. झोपेत घशाचे मांस सैल पडून श्वासाची वाट बुजते. श्वास कोंडला की देह दचकून जागा होतो, पुनः निजतो, पुनः कोंडतो. ही झोप निजून न निजल्यासारखी." सरलष्करांचे डोळे भरून आले. म्हणाले, "म्हणजे मी आळशी नव्हे?" वैद्य म्हणाले, "निजल्या जागी जो रोज मरणाशी झुंजतो त्यास आळशी कोण म्हणेल?" आणि वैद्यांनी एक यंत्र करविले. नाकावर बसेल ऐसा कातड्याचा मुखवटा, त्यास कातड्याचीच लांब सोंड, आणि सोंडेचे शेवटी पाटाच्या पाण्यावर चालणारा जोडभाता, की निजता वारा सतत घशात जावा आणि वाट मिटू नये. सरलष्करांनी ते पाहिले आणि म्हणाले, "हा तर घोड्याचा तोबरा!" बाईसाहेब म्हणाल्या, "असेना. घोडी आपल्यापेक्षा सुखाने निजतात." मग मुखवटा चढविला, आणि घोर बंद जाहला, आणि सकाळी सरलष्कर उठले ते हसत उठले. म्हणाले, "आज आंबेमोहोराच्या भाताचा वास येतो. घरात कधीपासून करता?" बाईसाहेब म्हणाल्या, "वीस वर्षे."

परंतु शरीर सुधारले तरी लौकिक आडवा आला. छावणीत कुजबुज जाहली, की सरलष्करांस आता तोबऱ्यातून हरभरे चारतात. ते कानी आले आणि सरलष्करांचे मन मुखवट्यावरून उडाले. त्याच सुमारास वैद्य दुसरे साधन घेऊन आले. हस्तिदंती आखूड नळी, आत झडप, झडपेस दाबता उसळणारी पोलादी कमान. तोंडी धरून श्वास ओढावा तर कमानीशी झुंजावे लागे. वैद्य म्हणाले, "श्वास ओढणारे स्नायू थकले आहेत, त्यांस ही तालीम. मुखवटा निजताना आणि नळी जागेपणी. दोहोंचा उपचार एकत्र चालवावा, एकास दुसऱ्याची बदली नाही." सरलष्करांनी तालीम इतका शब्द ऐकिला आणि पुढचे ऐकिले नाही. चौकात लंगोट कसून नळी ओढू लागले, चेहरा तांबडा, मान फुगलेली, आणि शिलेदार भोवती जमून "वाहवा" म्हणत. चार आठवडे होतात न होतात तो गडाच्या पायऱ्या न थांबता चढू लागले. मग बाईसाहेबांस म्हणाले, "हे मर्दाचे औषध. तोबरा आता पागेत पाठवा." बाईसाहेब म्हणाल्या, "वैद्य काय बोलले ते आठवा." सरलष्कर म्हणाले, "वैद्यांस लष्कराची लाज ठाऊक नाही." बाईसाहेब पुनः उशाशी बसू लागल्या.

मग भाद्रपदात सरलष्कर नदीचा उतार पाहावयास एकटेच पुढे गेले, ऊन कोवळे, वारा मंद, आणि घोडीवरच डोळा लागला. घोडीस तहान लागली होती, ती पाण्यात उतरली, पलीकडे गवत हिरवे दिसले, आणि चरत चरत थेट काठावरील भुजंगरावांच्या ठाण्यात जाऊन उभी राहिली. ठाण्यात आरोळी उठली, "सरलष्कर चालून आले!" लोक हत्यारे घेऊन धावले, आणि पाहतात तो स्वारी घोडीच्या मानेवर पडून घोरत आहे. त्यांनी उचलून बाजेवर निजविले, तो घोर थांबला आणि श्वासही थांबला. भुजंगराव धावत आले. म्हणाले, "हे येथे मेले तर म्हणतील आम्ही मारले, आणि उद्या नदी रक्ताने वाहील. ढोसा रे, ढोसा!" मग एक भालाईत भाल्याच्या बोथट टोकाने ढोसू लागला, सरलष्कर हंबरत आणि पुनः निजत, आणि त्या भालाइतास हात खाली ठेवावयास सवड मिळेना. इकडे दक्षिण तीरी बातमी गेली की सरलष्कर कैद जाहले, नगारे वाजले, आणि दोन्ही लष्करे काठांवर समोरासमोर उभी राहिली.

तेव्हा दर्याबाईसाहेब पांढरे निशाण लावून नदी उतरल्या, संगे उंट, आणि उंटावर मुखवटा व लोहाराचा जोडभाता. सरलष्कर जागे जाहले होते आणि आपण कोठे आहो हे कळून मान खाली घालून बसले होते. बाईंस पाहून हळूच म्हणाले, "तोबरा येथे आणिला? दोन्ही लष्करे पाहतात." दर्याबाई म्हणाल्या, "पाहोत. वीस वर्षे मी एकटी पाहत आले. आपला श्वास थांबला म्हणजे मी माझाही धरून बसते. कोणते दिवशी माझे कोपर पोहोचणार नाही, या भयाने मजला निजता येत नाही. आपणांस माणसे हसतील हे भय आहे. कोणाचे भय मोठे ते आपणच ठरवा." सरलष्कर कित्येक लढाया लढले परंतु ऐसा घाव बसला नव्हता. त्यांनी मुखवटा आपले हाते उचलला, दोन्ही काठांस दिसेल ऐसा चढविला, आणि बाजेवर आडवे जाहले. बाईंनी भात्यास हात घातला तो भुजंगराव पुढे जाहले आणि म्हणाले, "बाईसाहेब, आपण बसा. भालाईत मोकळा जाहला आहे." मग परराज्याचे शिपाई पाळीपाळीने भाता हाकू लागले, आणि सरलष्कर निजले ते तान्ह्या मुलासारखे, ना घोर ना हुंदका, छाती संथ वर खाली. कोणी हसले नाही. आपल्या हातांनी एका मनुष्याचा श्वास चालतो हे पाहून शिपाई भाता अधिकच जपून हाकू लागले, आणि काठांवर नगारे थांबले.

मग भुजंगराव बाईंस एकीकडे नेऊन पुटपुटले, "हे कोठे बोलू नये, परंतु आमचे धनीही ऐसेच घोरतात आणि ऐसेच थांबतात. राणीसाहेबांचे डोळे आपल्यासारखेच खोल गेले आहेत." बाई म्हणाल्या, "मग भांडता काय? वैद्य मागा." त्याप्रमाणे तह जाहला, की नदीचा उतार दोघांनी वापरावा, आणि वैद्य शामजीबावांनी भाता, मुखवटा व नळी घेऊन उत्तर तीरी जावे. सरलष्कर घरी आले, आणि पुढे निजताना मुखवटा व उठल्यावर नळी ऐसा नेम धरिला, आणि छावणीत कोणी हसले तर त्यासच नळी ओढावयास देत, तो खोकून पळे. दसऱ्याचे दरबारी टक्क जागे बसले, भुजंगरावांचे मूळ पुरुषापासून अखेरपर्यंत अवघे भाषण ऐकिले, आणि ते एकटेच जागे होते. महाराज जांभई आवरून म्हणाले, "सुभानजीराव, वस्त्रे तुमचीच. आणखी काय हवे ते मागा." सरलष्कर हात जोडून म्हणाले, "महाराज, घरी दर्याबाई काल सांजेस निजल्या आहेत त्या अजून उठल्या नाहीत. आजची दुपारची तोफ उडवू नये, इतकीच विनंती." महाराजांनी हुकूम केला. तोफ जाहली नाही, आणि तोफेवर जेवणारे अवघे शहर तिसऱ्या प्रहरापर्यंत पाटावर उपाशी बसले, आणि कोणी चकार शब्द काढिला नाही.

तात्पर्य इतकेच की तालमीने छाती वाढते आणि मुखवट्याने वाट राहते, एकावाचून दुसऱ्याचा भरवसा नाही. जैसे ऐकिले तैसे लिहिले. वाचणारांस स्वस्थ निद्रा लाभो.