किशनरावांच्या उसातली तांबडी रेघ

"एकदा ही वेबसाइट सुरू झाली, की अख्खं लातूर पळायला लागेल बघ!" दत्तोपंतांनी बायकोला ठणकावून सांगितलं. तेही आरामखुर्चीत बसून! कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले दत्तोपंत आयुष्यात बससाठीसुद्धा पळाले नव्हते. पण पुस्तकं वाचून वाचून त्यांनी ती वेबसाइट बनवली खरी. नकाशावर बोटाने तांबडी रेघ ओढायची. ती झाली पळायची वाट. ती मग सगळ्यांना पाठवायची.

नमुन्याची पहिली वाट त्यांनी घरबसल्या रेणापूरच्या बाहेर आखली. नकाशात तिथे सगळं मऊ, हिरवंगार दिसत होतं.

"अहो, ते हिरवं म्हणजे ऊस नाही ना?" प्रेमलाताईंनी विचारलं.

"हिरवळीवर गुडघे दुखत नाहीत," दत्तोपंत म्हणाले आणि रेघ एका ग्रुपवर टाकून मोकळे झाले.

दोन दिवसांत ती रेघ तालुकाभर फिरली. वाटेत कुणीतरी तिच्याखाली 'नवा आठपदरी रस्ता' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. वेबसाइटच्या तळाशी नंबर दत्तोपंतांनीच हौसेने दिलेला!

"रेघवाले तुम्हीच का? मी किशनराव. तुमची रेघ माझ्या उसातून गेली, भावाच्या हिरीतून गेली. उद्या सकाळी या. न्हाई आलात, तर आम्ही पन्नास जण येतो बघा तुमच्या घरी!"

काय बोलायचं ते दत्तोपंतांनी रात्रीच वहीत लिहून ठेवलं. सकाळी मात्र वही घरी राहिली आणि प्रेमलाताई बरोबर आल्या.

बांधावर तीसेक माणसं उभी होती, बहुतेकांच्या हातात कोयते! ऊसतोडीचे दिवस होते म्हणून, हे दत्तोपंतांच्या फार नंतर लक्षात आलं.

"रस्त्याची मोजणी कवा हाय?" किशनरावांनी विचारलं.

"मोजणी नाही हो! ही पळायची वाट आहे. लोक पळतात… तब्येतीसाठी."

"उसातून? पोलीस मागं लागल्याबिगर?"

"मी… मी पुसूनच टाकतो ती रेघ!"

"बघा! पुसायला निघाले! म्हंजी कायतरी हाय!" किशनरावांची बायको लक्ष्मीबाई ओरडली. "पोटच्या पोरावानी रान सांभाळलं मी. त्यातून डांबर घालता व्हय?"

गलका वाढला. शेवटी किशनरावांनी निकाल दिला, "पळायची वाट हाय ना? मंग पळून दाखवा. न्हाई तर तहसीलदार येईस्तोवर तुम्ही देवळात बसायचं."

दत्तोपंतांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं.

"अहो, पळा!" त्या पुटपुटल्या. चाळीस वर्षांच्या संसारानंतर कुठल्या बायकोने नवऱ्याला असं सांगितलं असेल!

दत्तोपंतांनी मोबाईलवर आपल्या वेबसाइटचं 'नोंद सुरू' दाबलं, मोबाईल खिशात टाकला आणि देवाचं नाव घेऊन ते सुटले. उसाची पानं गालावर सपासप लागत होती. ठिबकच्या नळ्या पायात येत होत्या. छाती पिठाच्या गिरणीसारखी धडधडत होती. मागे कोयतेवाले! आता मेलो, आता मेलो, असं म्हणत दत्तोपंत जिवाच्या आकांताने पळत होते. शेजारून किशनरावांचा भाऊ भागवत तंबाखू मळत निवांत येत होता.

"मास्तर, जपून. म्होरं पाट हाय," तो म्हणाला.

विहिरीपाशी पोचल्यावर दत्तोपंत धपकन खाली बसले. त्यांनी नुसताच मोबाईल पुढे केला. पुरावा!

किशनरावांनी तो डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचला, "शाब्बास! आज तुम्ही चारशे मीटर चाललात."

किती वेगाखाली 'चालणे' धरायचं, तो हिशोब दत्तोपंतांनीच महिनाभर खपून बसवला होता.

"मास्तर," किशनराव हळूच म्हणाले, "तुमचंच मशीन तुम्ही चालला म्हनतंय. मंग ही पळायची वाट कशी?"

लक्ष्मीबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"प्या. आन् परत एकदा व्हऊ द्या. जरा जोरात!"

दत्तोपंतांनी तो तांब्या प्यायला अर्धा तास लावला.