बेल न वाजवणारे गजभिये सर

परदेशातल्या आमच्या या पुंगोलच्या ब्लॉकमध्ये बेल न वाजवणारा एकच माणूस आहे. गजभिये सर दारासमोर येतात, जरा मागे सरून उभे राहतात आणि आपणहून कोणी बाहेर येईपर्यंत हलत नाहीत. पहिल्यांदा जाळीच्या दारापलीकडे त्यांची आकृती बघून माझ्या बायकोच्या हातातला झारा पडला होता. समोरच्या चिनी आजींनी तर किल्ली हरवली असं समजून कनवाळूपणे विचारलं, "की लॉस्ट आह?"

"फोन तरी करत जा, सर."

"घाई कायची?"

हाच माणूस पूर्वी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचा. हे खूळ अमेरिकेतून आलं. सर इथल्या विद्यापीठात पिण्याच्या पाण्यावर संशोधन करतात. तिकडे नवाहो या मूळनिवासी लोकांच्या मुलखात बऱ्याच घरांना अजून नळ नाही, म्हणून ते गेले होते. पहिल्याच घराचं दार त्यांनी सवयीनं ठोठावलं. कोणी उघडलं नाही. सोबतच्या माणसानं त्यांना गाडीत परत आणून बसवलं. तिथली जुनी रीत अशी, की पाहुण्यानं बाहेर थांबायचं आणि घरच्यांनी सवडीनं येऊन त्याला आत न्यायचं. पुष्कळ वेळानं एक म्हातारी बाहेर आली आणि सरांना हात धरून घेऊन गेली.

"शिकलो तर एवढंच शिकलो," सर म्हणतात. पाण्याबद्दल विचारलं तर एका वाक्यात आटपतात, म्हातारीबद्दल मात्र चहा गार होईपर्यंत बोलतात.

मी त्यांना 'वॉचमन' म्हणून चिडवायचो. ते हसायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा दाराशी हजर. होता होता मला त्यांच्या चपलांची चाहूल ओळखू यायला लागली.

मध्यंतरी एकदा म्हणाले, "आई येते आहे. पहिल्यांदाच." मग कपाकडे बघत सांगू लागले, "गावात तिला लोकांच्या दाराबाहेरच उभं राहावं लागायचं. मालकीण आतूनच बोलायची, पाणी वरून ओतायची. आता कोणी अडवत नाही, पण तिचे पाय अडतात. ती काही बेल वाजवणार नाही. म्हटलं, कोण बाहेर येतं ते बघून ठेवावं."

मला माझ्या त्या 'वॉचमन'ची फार लाज वाटली.

रविवारी चाहूल दोघांची आली. दार उघडलं. सर भिंतीशी उभे होते. पुढे त्यांची आई, ठेंगणी, पांढऱ्या लुगड्यातली, चपला हातात घेतलेली.

"मी इथंच बरी हाय, बापू."

सर तिला 'चल' म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

मी बाहेर गेलो. मागोमाग बायको आली, तिनं चपला घेतल्या. मी आईंचा हात धरला. उंबऱ्याशी त्या थांबल्या.

"घाई कायची, आई?" मी म्हणालो.

मग त्या आत आल्या. सर मात्र अजून बाहेरच होते, भिंतीकडे तोंड करून.