किड्याचं घराणं

आमचे शेजारी दत्तूअण्णा किड्याला आधी गाव विचारतात.

मागच्या श्रावणात शाळेतून येताना मी एक हिरवागार नाकतोडा पकडून डबीत घालून आणला. शेजारधर्म म्हणून. अण्णांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि सोयरिकीला आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं डबीत बघितलं.

"कुठला?"

"तेरच्या रस्त्याचा."

"कुणाच्या रानातला?"

"ते कसं सांगू अण्णा? सोयाबीनच्या बांधावर होता."

"म्हंजी फवारा प्यालेला." त्यांनी डबी माझ्या हातात परत ठेवली. "गुरुजी, घराणं बघितल्याबिगर सोयरीक करायची न्हाय. सोडून या. इथं न्हाय, जिथनं आणला तिथंच."

मी मुकाट्यानं परत गेलो. अण्णांपुढं माझी मास्तरकी चालत नाही.

हे किडे ज्यांच्यासाठी लागतात, ती दोन जनावरं म्हणजे शुगर ग्लायडर. खारीएवढी, काळ्याभोर टपोऱ्या डोळ्यांची. अंगाच्या दोन्ही बाजूंना पातळ कातडीचा पडदा असतो, त्यामुळं कपाटावरून उडी मारली की तरंगत अण्णांच्या डोक्यावर उतरतात. साखर कारखान्याचं गाव असल्यानं आमच्या ढोकीत त्या नावाचं कुणाला नवल वाटलं नाही. अण्णांच्या लेकीनं, शीतलनं, ती पुण्यात पाळली होती. पुढं तिला जर्मनीत नोकरी लागली आणि जाताना ती हा संसार बापाकडं ठेवून गेली. तिनं ठेवलेली इंग्रजी नावं अण्णांच्या तोंडात बसेनात. त्यांनी राघू-मैना करून टाकलं.

गंमत अशी, की अण्णांनी उभी हयात किडे मारण्यात घालवली. बाजारात त्यांचं औषधाचं दुकान होतं. आमच्याकडं औषध म्हणजे फवाऱ्याचं, खोकल्याचं नव्हे. उसावरची खोडकीड असो की तुरीवरची शेंगअळी, कुणाला कशानं मारायचं हे त्यांना तोंडपाठ. आता तेच म्हणतात, "ह्या शिवारातला एक किडा खाण्याजोगा न्हाय. मला न्हाय ठावं तर कुणाला? मीच तर औषध इकलंय."

त्यांचे नियम कडक आहेत. काजवा नको, विषारी असतो. केसाळ अळी नको. फवाऱ्याच्या रानातलं काहीही नको, आणि मेलेला किडा तर नकोच. "मेला, पण कशानं मेला? कागद हाय का त्याच्याजवळ?" म्हणून त्यांनी घरातच टबात गव्हाचा कोंडा घालून अळ्या पाळल्या. त्या अळ्यांना रोज गाजराच्या चकत्या. अण्णा स्वतः कधी गाजर खाताना मला दिसले नाहीत. राघूला चार अळ्या, मैनेला चार. "पाचवी मागतील. तोंड बघून द्यायची न्हाय. चरबी वाढती."

एकदा ते कळंबकडच्या एका रेशीमवाल्याकडं अळ्या मागायला गेले. तुतीवर फवारा चालत नाही, तेव्हा ही अळी खानदानी, असा हिशेब. तो शेतकरी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं अण्णांना शेडच्या दारातच अडवलं. "अण्णा, तुमी भाईरच थांबा. तुमच्या अंगाला अजून औषधाचा वास येतोय. माझ्या अळ्या मरतील." दुसरा कुणी असता तर रागावून निघून गेला असता. अण्णा आठवडाभर सांगत फिरत होते, "मला हाकललं! घराणं असावं तर असं!"

रोज दिवेलागणीला शीतलचा व्हिडिओ फोन येतो. राघू-मैना खाताना अण्णा दाखवतात आणि अळ्यांवर अर्धा तास बोलतात. स्वतःबद्दल विचारलं की एकच उत्तर, "बरं हाय." शीतलची आई, आमच्या वहिनी, होत्या तेव्हा फोन त्याच घेत. अण्णा लांबून "बरं हाय म्हणावं" एवढंच सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात राघूनं ट्यूबलाइटजवळचा पतंग खाल्ला आणि दोन दिवस मान टाकून पडला. अण्णा त्याला वहिनींच्या जुन्या इरकली लुगड्याची पिशवी शिवून गळ्यात अडकवून एसटीनं सोलापूरला डॉक्टरकडं घेऊन गेले. शेजारच्या सीटवर मी होतो. तुळजापूर मागं पडल्यावर ते पिशवीकडं बघत म्हणाले, "गुरुजी, ह्यास्नी काय झालं तर पोरगी फोन कशाला करंल?"

राघू वाचला.

नवरात्र आलं तसा नवा पेच. अण्णांच्या घरी घट बसतो आणि घट असताना घरात वशट, म्हणजे मांसाहारी काही, चालायचं नाही, हा वहिनींचा दंडक. घटस्थापनेच्या सकाळी अण्णा अळ्यांचा टब डोक्यावर घेऊन आमच्या दारात उभे.

"आमच्याकडं काय देव न्हाईत व्हय?" माझी बायको म्हणाली.

"तुमचा घट थोरल्या दिराकडं असतोय, सूनबाई. मला म्हाईत हाय."

टब आमच्या पडवीत आला. रोज संध्याकाळी अण्णा राघू-मैनेला पिशवीतून जेवायला आणत. पाचव्या माळेला ते तुळजापूरला दर्शनाला गेले, आणि पिशवी, अळ्या, स्वतःचा फोन असं सगळं माझ्या हवाली करून गेले.

फोन आला. मी लगबगीनं राघूकडं वळवला.

"राहू द्या ओ काका," शीतल म्हणाली. "अण्णांनी काय खाल्लं आज? खोकला कमी झालाय का?"

"मी म्हटलं तू ह्यांना बघायला…"

"अळ्यांचं विचारलं की अर्धा तास बोलतात. तेवढ्यात दाढी केलीय का, सदरा धुतलेला आहे का, ते दिसतं मला. नुसतं 'कसे आहात' विचारलं की 'बरं हाय' म्हणून फोन ठेवतात. आई गेल्यापासून मला दुसरी वाटच सापडली नाही."

अण्णा परतले ते कपाळाला कुंकू आणि पायाला धूळ घेऊनच. "फोन आलता? काय इचारलं? चारच घातल्या न्हवं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मी म्हणालो, "अळ्यांचं काही विचारलं नाही अण्णा. तुम्ही काय खाल्लं, ते विचारत होती. रोज त्यासाठीच फोन करते."

अण्णा पडवीच्या पायरीवर बसले. बराच वेळ टबातला कोंडा हातानं सारखा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. राघू-मैना पिशवीतून डोकावत होती, पण अण्णांनी फोन त्यांच्याकडं वळवला नाही. स्वतःसमोर धरला, घसा खाकरला आणि अळ्यांचा तपशील सांगावा तसं सांगू लागले, "सकाळी भगर, वाटीभर. दुपारी दोन केळी, घरच्या झाडाची, फवारा न्हाय. खोकला हाय थोडा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि गाजर खाल्लं आज. एक. तुझी आई लई मागं लागायची, खा म्हणून."