तीनशे उशांचा महिना

दुपारी मालक कारखान्यात गाढ झोपले होते आणि त्याला कोणी आळस म्हणत नव्हतं, कारण ते कामच करत होते. दोन खोल्यांचा उशांचा कारखाना तो. तयार झालेल्या प्रत्येक उशीवर स्वतः वीस मिनिटं झोपून पाहिल्याशिवाय ती विकायची नाही, हा मालकांचा एकवीस वर्षांचा नेम होता. शिलाईवाल्या बाई आणि कापूस भरणारे काका इतकी वर्षं कुजबुजत बोलून घरीसुद्धा कुजबुजायचे. काकांच्या बायकोला वाटायचं, नवरा काहीतरी लपवतोय. खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत असायचे, मशीन हळू घरघरायचं आणि आत आलेल्या माणसाला, तो वसुलीला आलेला असला तरी, पाच मिनिटांत जांभई यायची.

मेहुण्याला मात्र जांभई आली नाही. कारखान्याची जागा त्याची होती.

"दाजी, सलग तीन महिने तोटा आहे," तो म्हणाला. "या महिनाअखेरीलाही तोटाच निघाला तर ही जागा मी दुसऱ्याला देतो. तुम्ही माझ्या गोदामात या, माल मोजायला. पगार वेळेवर देईन."

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याच्या गोदामात लोखंडी सळया होत्या.

संध्याकाळी लेक कागद घेऊन बसली. ती कॉलेजात हिशोबच शिकत होती. "बाबा, भाडं, तिघांचे पगार, वीज. उशी एक करा नाहीतर शंभर, हे साठ हजार जाणारच."

"जाणारच," मालक म्हणाले.

"एका उशीला कापड, कापूस, दोरा मिळून तीनशे लागतात. विकतो पाचशेला. उरले दोनशे. या दोनशे-दोनशेतून साठ हजार भरून काढायचे. किती उशा?"

"तीनशे."

"तीनशे विकल्या की ना नफा ना तोटा. पुढची एक विकली की नफा. आपण विकतो दोनशे चाळीस."

"दुकानदार तर जास्त मागतात."

"मग करत का नाही?"

कापड मालकच कापायचे आणि झोपेत कापड कापता येत नाही. लेकीने रोजच्या दहा उशांना वीस मिनिटांनी गुणलं, बापाकडे पाहिलं आणि जरा हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुमची झोप बंद करावी लागेल."

दुसऱ्या दिवसापासून मालक जागे राहिले. दिवसाला दहाच्या तेरा उशा होऊ लागल्या. बाई आणि काका मोठ्याने बोलून बघायला लागले, पण एकमेकांचा आवाज न ओळखल्यामुळे दचकायचे. सगळं सुरळीत होतं, फक्त मालकांची घरची झोपही उडाली. डोळे मिटले की एकामागून एक उशा पांढऱ्या, हलक्या, छताकडे निघायच्या आणि दोनशे नव्व्याण्णवावर थांबायच्या. त्यांना वाटलं, घरची उशी जुनी झाली. त्यांनी कारखान्यातून एक नवी नेली. मालक असले तरी फुकट कशी न्यायची, म्हणून पाचशे रोख भरून पावती केली. डोळ्याला डोळा लागला नाही. मग दुसरी नेली. मग तिसरी.

जागरणाने एके दिवशी त्यांनी दहा खोळी तिरप्या कापल्या. "दहा खोळींचं कापड म्हणजे आठशेचं नुकसान," लेक म्हणाली. "आता तीनशे चार विकायला हव्यात." त्या दिवशी मालकांनी दोन उशा नेल्या.

महिनाअखेरीला मेहुणा आला आणि सगळ्या पावत्या दोनदा मोजल्या. "तीनशे पाच. म्हणजे नफा दोनशे. दाजी, मानलं तुम्हाला."

तेवढ्यात मालकांची बायको भलंमोठं बोचकं घेऊन दारात उभी राहिली. "या नऊ उशा इथेच ठेवा. माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही आणि यांना एकीवरही झोप नाही."

मेहुण्याने पावत्या पुन्हा चाळल्या. नऊ पावत्यांवर मालकांचंच नाव होतं.

"दाजी, तुम्हीच गिऱ्हाईक?"

"पूर्ण भाव दिलाय," स्टुलावर बसलेले मालक म्हणाले. "माझ्या पगारातून."

"मामा, बाबांचा पगार आधीच खर्चात धरलाय," लेक घाईघाईने म्हणाली. "विक्री ती विक्री. गिऱ्हाईक कुठे झोपतं ते हिशोबात विचारत नाहीत."

"म्हणजे कंपनी दोनशेनं वर आणि घर साडेचार हजारांनी खाली," बायको म्हणाली.

मेहुण्याने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. चूक सापडेना. "बसतंय हिशोबात," तो शेवटी नाराजीने म्हणाला. "राहू दे जागा तुमच्याकडेच. ऐकलंत का दाजी?"

दाजींनी ऐकलं होतं, पण 'राहू दे जागा' इथपर्यंतच. पाठ भिंतीला टेकवून, डोकं उघड्या विटांवर ठेवून ते त्या लाकडी स्टुलावर झोपले होते. महिन्याभराची धास्ती चेहऱ्यावरून उतरली होती. लेकीला गलबलून आलं. मेहुणा पुन्हा हाक मारणार, तोच बाईंनी आणि काकांनी एकदमच ओठांवर बोट ठेवलं.

काकांनी बोचक्यातली एक उशी उचलली. "मानेखाली सरकवू का, वहिनी?" ते कुजबुजले.

"नको," ती कुजबुजली. "पण दार तेवढं लावून घ्या. उशीशिवायही इतकी गाढ लागते हे दुकानदारांना कळलं तर धंदा बसेल."